कापसाच्या ग्रुपवर लघुप्रबंध करू का?

ताई, मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली. अमरावतीला होस्टेलवर राहून जनसंवादात एम.ए. करते. 'ऑनलाइन समुदाय' आणि 'संवाद संशोधन पद्धती' असे दोन पेपर आहेत. दोन्हीतली उदाहरणं अमेरिकेतली. परीक्षेपुरतं पाठ होतं, पण त्यात आपलं काही दिसत नाही. आमच्याकडे चार-पाच गावांतल्या कास्तकारांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तीनशेच्या आसपास लोक. फवारणी, बियाणं, भाव, सीसीआयची (कापूस महामंडळाची) खरेदी, सगळं तिथंच चालतं. मला त्यावर लघुप्रबंध करायचाय. सर म्हणतात, "एवढ्या खोलात कशाला? गुगल फॉर्म पाठव, शंभर जणांकडून भरून घे, टक्केवारी काढ, झालं." ग्रुपचे ॲडमिन माझे काका आहेत आणि मीही दोन वर्षांपासून ग्रुपात आहे. लोकांना सांगितलं तर ते बोलणं बंद करतील, नाही सांगितलं तर चोरून ऐकल्यासारखं वाटतं. बाबा म्हणतात, "मोबाइल पाहाची बी डिग्री निंगाली का आता?" हे विषय खरंच कामाचे आहेत का? करू का नको?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

कर की! आणि गुगल फॉर्मला नाही म्हण. सरांना नाही म्हणायचं कसं, ते पुढे सांगते.

आधी फॉर्मचं काय बिनसतं ते बघ. समज, तू ग्रुपवर लिंक टाकलीस. भरणार कोण? ज्याला लिंक उघडून टाइप करायची सवय आहे तो. म्हणजे तुझे चुलतभाऊ, कृषी केंद्रवाल्याचा पोरगा, एखादा उत्साही उपसरपंच, आणि शंभराचा आकडा गाठायला शेवटच्या रात्री होस्टेलच्या मैत्रिणी. (हसू नकोस. अशा लघुप्रबंधांतले रंगीत पाय-चार्ट मी पोत्यानं पाहिलेत.) त्यातला पहिला प्रश्न ठरलेला: 'ग्रुपवरील माहिती आपणांस उपयुक्त वाटते काय?' आपला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. पोरगी शिकून रायली, तिचं काम होऊन जाऊ दे, असं म्हणून तो 'पूर्णतः सहमत' दाबून मोकळा होतो. तुझ्या पद्धतीच्या पेपरात याला सामाजिक इष्टतेचा कल म्हणतात. ऐंशी टक्के कास्तकार समाधानी निघतील आणि तुला, मला, सरांना नवीन काहीही कळणार नाही.

पण म्हणून सर्वेक्षण वाईट असं नाही. तुझ्या अभ्यासक्रमात 'नवोपक्रमांचा प्रसार' हे प्रकरण असेल, एव्हरेट रॉजर्सचं नाव असेल, १९६२ साल असेल. त्याची मुळं कशात आहेत माहीत आहे? १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शेतकऱ्यांच्याच अभ्यासात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी मक्याच्या संकरित बियाण्याचा मागोवा घेतला. २५९ शेतकऱ्यांना विचारलं: हे बियाणं पहिल्यांदा कधी ऐकलं, कोणाकडून ऐकलं, आणि पेरायचं ठरवलं ते कोणाच्या सांगण्यावरून? उत्तर असं आलं की पहिली खबर बहुतेकांना बियाणं विकणाऱ्यानं दिली, पण पटवलं शेजाऱ्यानं. आता मक्याच्या जागी कापूस ठेव. आपल्याकडे बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच शिवारं भरली. बियाण्याची खबर दुकानातून आली आणि विश्वास धुऱ्यापलीकडच्या वावरातून आला, हे तुझे बाबाही सांगतील. तुला अमेरिकन वाटणारं ते प्रकरण मुळात कास्तकारांचंच आहे. फक्त पुस्तकात ते बाण आणि चौकटींमध्ये असं बसवलेलं असतं की मातीचा वास उरत नाही.

अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं मराठी खेड्यांत एक प्रयोग केला होता. त्या वेळच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे, जवळजवळ दीडशे गावं, प्रत्येक गावात वीसेक जणांचा श्रोतृगट. आठवड्यातून दोनदा शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि तो संपल्यावर उठायचं नाही, तिथंच बसून त्यावर बोलायचं. (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्यामुळे आपली गावं त्यात नाहीत.) मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत असलेल्या पॉल न्यूराथ यांनी याचा अभ्यास केला. त्यांनी नुसती गटांची गावं पाहिली नाहीत. रेडिओ आहे पण गट नाही अशी गावं आणि रेडिओच नाही अशी गावंही जोडीला घेतली. गटांच्या गावांतली माहिती बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वाढलेली दिसली. रेडिओ दुसऱ्या गावांतही होताच. फरक पडला तो नंतरच्या बोलण्यानं. तुझ्या लघुप्रबंधात पूर्वाभ्यासाच्या प्रकरणाला इथून सुरुवात कर. सर खूश होतील, आणि कास्तकारांचा संवाद हा संशोधनाचा विषय होऊ शकतो का, हा प्रश्नच मिटेल.

आता तुझ्या ग्रुपकडे येऊ. ऑनलाइन समुदायाचं बरंचसं शास्त्र अशा लोकांवर बेतलेलं आहे जे एकमेकांना आधी ओळखत नव्हते. हॉवर्ड ऱ्हाइनगोल्डनं १९९३ मध्ये आभासी समुदायाची कल्पना मांडली ती 'द वेल' नावाच्या, १९८५ साली सुरू झालेल्या एका संगणकीय बैठकीच्या अनुभवावरून. तिथं अनोळखी लोक आधी लिहीत, मग ओळख होई, क्वचित प्रत्यक्ष भेटही होई. रॉबर्ट कोझिनेट्सनं नव्वदच्या दशकात 'नेटनोग्राफी' ही ऑनलाइन समुदायात राहून त्याचा अभ्यास करायची पद्धत आणली तीही टीव्ही मालिकांच्या चाहत्यांचा अभ्यास करताना. तुझ्या ग्रुपात सगळं उलटं आहे. इथं ओळख तीन पिढ्यांची आहे, ग्रुप कालचा आहे. ज्याच्याशी धुऱ्यावरून तहसीलमध्ये तारखा चालू आहेत तोच सकाळी 'राम राम' टाकतो. कृषी केंद्रवाला ग्रुपात आहे आणि अर्ध्या ग्रुपाची त्याच्याकडे उधारी आहे.

या उधारीकडे नीट लक्ष दे. ग्रुपवर लिहिणारे थोडे आणि वाचणारे फार, हे सगळीकडेच दिसतं. जेकब नील्सननं २००६ मध्ये त्यासाठी ९०-९-१ असा ठोकताळा सांगितला: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण सतत लिहितो. पुस्तकं सांगतात की गप्प राहणाऱ्याला वाचूनच पुरतं, किंवा तो लाजतो. तुझ्या ग्रुपातला माणूस मात्र दुकानदारानं सांगितलेलं औषध चुकीचं आहे हे कळूनही गप्प बसत असेल, कारण दिवाळीपर्यंतचं खातं त्याच्याकडेच आहे. हे गप्प बसणं मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही. त्याबद्दल विचारायला वावरात जावं लागतं, आणि ते फॉर्मनं होत नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. तुझा ग्रुप मोबाइलात संपत नाही, तेव्हा तुझी पद्धतही मोबाइलात संपता कामा नये. पानठेल्यावर एक जण व्हॉइस नोट लाउडस्पीकरवर लावतो, चार जण ऐकतात, पाचवा घरी जाऊन भावाला सांगतो. या पाचांतला एकच 'सदस्य' आहे. १९४० च्या अमेरिकन निवडणुकीचा अभ्यास करताना पॉल लाझार्सफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांना हेच दिसलं होतं: माध्यमातली गोष्ट आधी काही जाणत्यांपर्यंत जाते, त्यांच्याकडून बाकीच्यांपर्यंत. 'द्विस्तरीय प्रवाह' म्हणून तू जे पाठ केलंस ते हेच. ते पानठेल्यावर बसून तुला डोळ्यांनी पाहता येईल, अशी संधी फार कमी विद्यार्थ्यांना मिळते.

विषय मात्र बारीक कर. 'शेतकऱ्यांच्या जीवनातील व्हॉट्सॲपचे योगदान' अशा विषयात बैल हाकला तरी कोपरा सापडत नाही. मी तुझ्या जागी असते तर फक्त फवारणी घेतली असती. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक कास्तकार आणि मजूर दगावले. तू तेव्हा शाळेत असशील, पण घरात त्याची चर्चा ऐकलीच असशील. कोणतं औषध कशात मिसळायचं, पंपाला किती टाकायचं, तोंडाला बांधायचं की नाही, हे लोकांना कोण सांगत होतं, हा तेव्हाही संवादाचाच प्रश्न होता. तुझा प्रश्न असा असू शकतो: फवारणीचा सल्ला ग्रुपवर कोण देतं, आणि तो वावरापर्यंत पोचताना वाटेत त्याचं काय होतं? आणि लक्षात ठेव, पाठीवर पंप घेऊन फवारणारा बऱ्याचदा मजूर असतो. त्याच्याकडे साधा फोन असेल, तो ग्रुपात नसेलच. ग्रुपवर कोणी लिहिलं, 'वारं सुटलं की फवारू नका,' तर ते त्याच्यापर्यंत पोचलं का? एवढं एक जरी नीट शोधलंस तरी लघुप्रबंध सार्थकी लागेल.

आता परवानगीचं. तुला ते चोरून ऐकल्यासारखं वाटतं, कारण ते तसंच आहे. तू ग्रुपात आलीस ती अमक्याची पोरगी म्हणून, संशोधक म्हणून नाही. लोक पोरीसमोर बोलत होते. तेव्हा मागच्या दोन वर्षांचे मेसेज विसर. सांगितल्याच्या तारखेपासून पुढचंच धरायचं.

यात नुसत्या शिष्टाचाराचा प्रश्न नाही, कोणाचं तरी खरंच वाकडं होऊ शकतं. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला देशात लागवडीची परवानगी नाही. तरी 'चोर बीटी' या नावानं ते आपल्याकडे पेरलं जातं हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथं शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरलं तेव्हा शेतकऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. तुझ्या ग्रुपात पेरणीच्या तोंडावर 'पाकिटं आली काय?' असे मेसेज फिरत असणार. तू ते जसेच्या तसे लघुप्रबंधात छापलेस, तर नाव झाकून काय उपयोग? ग्रुपातल्या कोणीही सर्चमध्ये त्यातले तीन शब्द टाकले की मेसेज आणि नंबर दोन्ही समोर. आणि लघुप्रबंधावर तुझं नाव-आडनाव असणार. त्यावरून गाव ओळखायला आपल्या लोकांना एक चहा पुरतो. म्हणून गाव लपवण्यावर भिस्त ठेवू नकोस. जे उघड झाल्यानं कोणावर बालंट येईल ते वहीतही टिपू नकोस. बाकीचे मेसेजही शब्दशः न देता स्वतःच्या शब्दांत सांग. एखादा मेसेज जसाच्या तसा हवाच असेल तर ज्यानं लिहिला त्याला वेगळं विचार. इंटरनेट संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००२ पासून याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांचा रोख हाच आहे की 'सार्वजनिक' आणि 'खासगी' अशी सरळ रेघ मारता येत नाही, बोलणाऱ्यानं ते कोणासाठी बोललं होतं ते पाहावं लागतं. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. मोबाइल नंबर हा वैयक्तिक डेटा आहे, तेव्हा चॅट एक्स्पोर्ट केलीस की पहिलं काम म्हणजे नंबर आणि नावं काढून क-१, क-२ असे संकेत घालायचे. संकेतांची यादी वेगळ्या वहीत, वही घरी कुलपात.

ग्रुपवर टाकायचा मेसेज साधारण असा लिही. 'संशोधन', 'प्रतिसादक', 'गोपनीयता' असले शब्द त्यात नकोत:

"राम राम मंडळी. मी अमक्यांची मुलगी, अमरावतीला एम.ए. करते. फवारणीची माहिती ग्रुपवरून वावरापर्यंत कशी जाते यावर मला कॉलेजसाठी लिहायचं आहे. १ जुलै ते ३० सप्टेंबर या तीन महिन्यांतले फवारणीचेच मेसेज मी टिपून ठेवीन. बियाणं, कर्ज, घरगुती गोष्टी यातलं काहीच लिहिणार नाही. कोणाचं नाव, नंबर, गाव, ग्रुपचं नाव कुठंही येणार नाही. ज्यांना आपला मेसेज यात नको असेल त्यांनी मला एकटीला 'नको' एवढंच पाठवा. कारण विचारणार नाही, काकांनाही सांगणार नाही. लिहून झालं की गावात येऊन वाचून दाखवीन."

काकांचं नाव त्यात मुद्दाम आहे. ॲडमिननं हो म्हटलं म्हणजे तीनशे लोकांनी हो म्हटलं असं होत नाही. उलट काका ॲडमिन आहेत म्हणूनच काहींना नाही म्हणणं जड जाईल. त्यांना नाही म्हणायची वाट काकांच्या अंगणातून जाता कामा नये. आणि शेवटचं वाक्य नुसतं लिहून सोडू नकोस, खरोखर वाचून दाखव. 'असं नाही, ते तसं होतं' असं लोक तिथं जे सांगतील, ते तुझ्या निष्कर्षांत भर घालेल.

लोक बोलणं बंद करतील ही भीती मला फारशी वाटत नाही. दोन-चार दिवस जरा सांभाळून लिहितील. मग कोणाच्या तरी पऱ्हाटीवर तुडतुडे येतील आणि तू ग्रुपात आहेस हे कोणाच्या ध्यानातही राहणार नाही. तरी तीन महिन्यांतला पहिला आठवडा वेगळा काढून बघ. तेव्हाचं बोलणं आणि नंतरचं बोलणं यात फरक दिसला तर तोही लिही.

मेसेज जमले की काय करायचं? समज, एकानं पानाचा फोटो टाकला: "हे काय हाय? काय मारू?" खाली पाच उत्तरं येतात. एक म्हणतो, "तुडतुडे हायेत, अमकं मार." दुसरा, "माह्या वावरात मारलं, फरक पडला." दुकानदार, "दुकानात ये, दोन औषधं मिळून देतो." कोणीतरी कृषी विद्यापीठाच्या नावानं फिरणारा लांबलचक मेसेज चिकटवतो. आणि एक म्हातारा चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट टाकतो: "आत्ता काई मारू नको बाप्पा, वारं सुटलं, उघाड पडू दे." आता वहीत रकाने आख. सांगणारा कोण: शेजारी, दुकानदार, कृषी सहायक की फॉरवर्ड. आधार काय: स्वतःचा अनुभव, कोणाचं तरी नाव, की काहीच नाही. पंपाला किती टाकायचं ते सांगितलं का. दोन औषधं मिसळायला सांगितलं का. हातमोजे, वारं, तोंड बांधणं यातलं काही आलं का. विचारणाऱ्यानं शेवटी काय केलं ते कळलं का. तीन महिन्यांत फोटोसकट असे शे-दोनशे प्रसंग मिळतील. सुरक्षेचा रकाना किती ठिकाणी रिकामा राहतो ते मोजलंस की सरांना त्यांची टक्केवारीही मिळेल.

रकाने भरताना तुझा स्वतःचा कल शिरतो. म्हणून दहातला एक प्रसंग मैत्रिणीकडून वेगळा भरून घे, तुझं न दाखवता. मग दोघींचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पानं काढ. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, १९६० चं सूत्र आहे, एक्सेलमध्ये बसतं. योगायोगानं जितकं जुळलं असतं तितकं वजा करून खरी जुळणी किती, एवढंच ते सांगतं. कमी आलं तर रकान्यांची व्याख्या धूसर आहे असं समज आणि पुन्हा नीट लिही.

व्हॉइस नोटा सोडू नकोस. टाइप करणाऱ्यांचाच ग्रुप धरलास तर म्हातारी माणसं आणि कमी शिकलेले तुझ्या अभ्यासातून आपोआप गळतील. आणि त्या उतरवताना वऱ्हाडी पुसून प्रमाण मराठी करू नकोस. वर्गात आपण खूप पुसलंय, इथं तरी नको.

मुलाखतींना वीस-पंचवीस माणसं धर, मग नवीन काही येईनासं झालं की थांब. पण निवड अशी कर: सतत लिहिणारे थोडे, कधीच न लिहिणारे जास्त, दुकानदार एक-दोन, फवारणारे मजूर आणि बाया. ग्रुपच्या यादीत बाईचा नंबर शोधून बघ, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. निंदण-खुरपण, वेचणी सगळी बायांची. औषध मारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला त्याच जातात, आणि काल काय मारलं हे त्यांना कोण सांगतं? बचत गटाच्या बैठकीला जा, तिथं हा प्रश्न टाक. तिथं पुरुष संशोधकाला मिळाली नसती अशी उत्तरं तुला मिळतील.

मुलाखतीत 'विश्वास ठेवता का' हा प्रश्न विचारूच नकोस. विचार असं: शेवटची फवारणी कधी झाली? काय मारलं? ते नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं? मारायचं ठरवलं ते कोणाशी बोलून? रिकामी बाटली घरात असेल तर दाखवा म्हण. बाटली हातात आली की आठवण सरळ येते, आणि लेबल कोणी वाचलं होतं का हेही कळतं.

सरांकडे जाशील तेव्हा वाद घालू नकोस. त्यांच्याकडे पंधरा-वीस जणांचे लघुप्रबंध असतील, त्यांना काम वेळेत संपायला हवं, एवढंच. एका कागदावर प्रश्न, माणसं, रकाने, ग्रुपवरचा मेसेज आणि महिनावार वेळापत्रक लिहून ने. आकड्यांवर अडून बसले तर म्हण की मतदार यादीतून ठरावीक अंतरानं घरं निवडून साठ घरी स्वतः जाऊन तीन प्रश्न विचारते: फोन कोणाचा, ग्रुपात कोण, फवारणीचं कोणी सांगितलं. गुगल फॉर्मपेक्षा ते कितीतरी भक्कम होईल, कारण त्यात ग्रुपाबाहेरचेही येतील. विभागाला नैतिकता समिती असेल तर मेसेजचा मसुदा तिच्याकडेही टाक, नसेल तर सरांची सही घे.

दोन्ही पेपर परीक्षेपुरते निभावायला ई-पीजी पाठशाळा आणि स्वयम यांवर जनसंवादाचं फुकट साहित्य आहे. शोधगंगेवर जुने पीएच.डी. प्रबंध वाच, पण वाचायलाच, उचलायला नको. पुढे नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) द्यायची असेल तर जनसंवाद व पत्रकारितेचा विषय क्रमांक ६३ आहे, आणि पेपर एकमध्ये संशोधन अभियोग्यता आणि संवाद अशी दोन्ही घटकं आहेतच. आत्ता फवारणीवर केलेलं काम तिथं कामी येईल.

नोकरीबद्दल मी गोड बोलणार नाही. घाटंजीत बसून 'ऑनलाइन समुदाय' म्हणून कोणी पगार देणार नाही. पण मुलाखत घेता येणं, ती बोलीत उतरवता येणं, तीनशे मेसेजांतून अर्थ काढता येणं, हे येणारी माणसं शेती आणि आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांना, सर्वेक्षण करणाऱ्या कंपन्यांना लागतात, आणि वऱ्हाडी कळणारी तर सहज मिळत नाहीत. लघुप्रबंध नीट झाला तर तोच तुझा बायोडाटा.

बाबांना डिग्री समजावत बसू नकोस. त्यांना विचार, मागच्या साली दुसरी फवारणी कोणाच्या सांगण्यावरून केली. बोलू लागले की बोलू दे. फक्त ते बोलणं आकडेवारीत धरू नकोस, घरचा माणूस आहे. कशात काय विचारायचं राहून जातंय ते पारखायला मात्र त्यांच्यासारखा माणूस मिळणार नाही.

आणि परवानगीचा मेसेज सकाळी टाकू नकोस, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली बुडून जाईल. संध्याकाळी हवामानाचा मेसेज येतो ना, त्याच्या मागोमाग टाक. तेव्हा सगळे पाहत असतात.